दार लागलं की गुंड्या सैरभैर

नमस्कार ताई,

आम्ही पिंपळे सौदागरला सहाव्या मजल्यावर राहतो. गुंड्या आमचा देशी कुत्रा, चारेक वर्षांचा, पिल्लू असताना पार्किंगमध्ये सापडला. आजवर घरात कोणी ना कोणी असायचंच. मी घरून काम करायचे, शिवाय सासूबाई होत्या. जूनमध्ये सासूबाई नणंदेच्या बाळंतपणासाठी नाशिकला गेल्या आणि त्याच महिन्यात मला आठवड्यातून तीन दिवस हिंजवडीला ऑफिसात बोलवायला लागले. तेव्हापासून घराची दशा बघवत नाही. आम्ही निघालो की गुंड्या आधी भुंकतो, मग अक्षरशः गळा काढून रडतो. मेन डोअरचा सनमायका त्याने आतून हातभर सोललाय, नखांतून रक्त आलं. परत यावं तर दाराशी लाळेचं थारोळं, कधी शी-शू. एरवी घरात कधीच करत नाही. रागावलं की कान पाडून कोपऱ्यात जातो, म्हणजे चूक कळते त्याला. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

खालच्या काकांची बायपास झालीय, त्यांना दुपारी झोप मिळत नाही. त्यांनी तक्रार केली, सोसायटीची नोटीस आली. एक दिवस गुंड्याला बाल्कनीत बांधून पाहिलं, तर आणखीच आकांत. हल्ली मी कॅमेऱ्यातून त्याच्याशी बोलते. सासूबाई फोनवर म्हणतात, तूच लाडावून ठेवलंयस. आमचे हे म्हणतात, ओतूरला दादांच्या शेतावर सोडू, मोकळा राहील. कोणी म्हणतं दुसरा कुत्रा आणा, कोणी म्हणतं पिंजरा आणा. मेडिकलवाला तर म्हणाला, झोपेची अर्धी गोळी द्या. त्यात डिसेंबरात माझ्या भावाचं लग्न आहे कोल्हापूरला, चार दिवस. मी काय करू?

— गुंड्याची आई

*

गुंड्याच्या आईंना नमस्कार.

सुरुवात त्या कान पाडण्यापासूनच करते, कारण तुमच्या पत्रात मला सगळ्यात जास्त खटकलं ते तेच. गुंड्याला चूक कळत नाही, तुमचा चेहरा कळतो. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ नावाच्या अमेरिकी संशोधिकेने २००९ साली यावर एक गमतीशीर प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्याला ‘हा खाऊ खायचा नाही’ असं बजावून खोलीबाहेर जायचं. मागे कधी कुत्रा खाऊ खायचा, कधी खायचा नाही, पण आत येणाऱ्या मालकाला खरं-खोटं काहीही सांगितलं जायचं. निघालं असं, की तो ओशाळा चेहरा खाल्लेल्या आणि न खाल्लेल्या कुत्र्यांत सारखाच दिसला. तो वाढायचा मालक रागावला की. तुम्ही संध्याकाळी सोललेल्या दारापाशी उभं राहून बोलता तेव्हा गुंड्याला सकाळच्या दाराचा आणि या बोलण्याचा संबंध लागत नाही. त्याला कळतं ते इतकंच, की आई परत येते ती चिडलेली असते. म्हणजे आता जाणंही वाईट आणि येणंही वाईट. तेव्हा रागावणं आजपासून बंद. घरात शिरल्यावर जे दिसेल ते निमूट पुसायचं. शिव्या घालायच्याच असतील तर फिनेलच्या बाटलीला घाला.

तुम्ही लिहिलंय त्यावरून हा विरहाच्या भीतीचा, इंग्रजीतल्या सेपरेशन अँग्झायटीचा, बऱ्यापैकी सरळ नमुना दिसतो. कंटाळलेला कुत्रा चपला कुरतडतो, सोफ्याचा फोम काढतो, कचऱ्याचा डबा पालथा घालतो आणि मग पंख्याखाली ताणून देतो. गुंड्याने सोफ्याला हात लावलेला नाही. तुम्ही जिथून गेलात नेमकं तेच दार तो नखं तुटेस्तोवर उकरतोय, आणि शहाण्या सवयीचा कुत्रा असून शी-शूवरचा ताबा सुटतोय. ही मस्ती नव्हे, घाबरगुंडी आहे.

तरी एक खात्री करून घ्या. घरातला जुना फोन शूरॅकवर दाराकडे तोंड करून लावा, त्यावर व्हिडिओ कॉल सुरू ठेवा आणि दोघंही खाली जाऊन गाडीत बसा. फार थांबायचं नाही, दहा मिनिटं पुरे. रडारड सुरू झाली तर त्याही आधी वर या. या कुत्र्यांचा कहर बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो. दार लागल्या लागल्या येरझाऱ्या, धापा, दाराच्या फटीला नाक, रडणं असं दिसलं तर निदान जवळपास पक्कं. पण तो आरामात पडून राहिला आणि बाजूच्या फ्लॅटमध्ये ड्रिल सुरू झाल्यावरच उठून ओरडू लागला, तर प्रश्न आवाजाचा आहे आणि त्याची वाट वेगळी. फिनलंडमध्ये १३,७०० कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली गेली, २०२० साली ती प्रसिद्ध झाली. त्यात आवाजाला घाबरणारे ३२ टक्के निघाले आणि एकटेपणाचा त्रास असणारे ५ टक्के. म्हणून आवाजाची शंका फेडून घेतलेली बरी. काही कुत्र्यांना दोन्ही असतं. तसं असेल तर दिवाळीच्या आठवड्यात पुढचा कुठलाही सराव करू नका.

आणखी एक गोष्ट तपासा. एखाद्या रविवारी शेजारचं ओळखीचं कोणी घरात बसवून तुम्ही दोघं बाहेर जा. गुंड्या त्यांच्याजवळ निवांत बसला, तर त्याला माणूस हवाय, कुठलंही. तसं असलं तर तुमचं निम्मं काम हलकं झालं. माणूस समोर असूनही तो दाराशी रडत बसला, तर त्याला तुम्हीच हव्या आहात आणि मग वेळ जास्त लागेल.

सासूबाईंचं ते ‘लाडावून ठेवलंयस’ मनावर घेऊ नका. २००१ साली अमेरिकेत असा त्रास असलेल्या २०० आणि नसलेल्या २०० कुत्र्यांची तुलना झाली. पलंगावर झोपू देणं, लाड करणं याचा या दुखण्याशी संबंध सापडला नाही. एकट्या माणसाच्या घरातल्या कुत्र्यांत मात्र ते सुमारे अडीचपट जास्त दिसलं, आणि घरभर माणसाच्या मागे मागे फिरणाऱ्यांतही जास्त. तुमच्या घरी काय झालं ते बघा. चार वर्षं गुंड्याने रिकामं घर पाहिलंच नव्हतं. मग एकाच महिन्यात दुपारी शेजारी बसून भाजी निवडणाऱ्या आजी गेल्या आणि लॅपटॉपसमोर बसणारी आईही जायला लागली. खरं तर त्याला आजींची आठवण येत असणार, आणि हे सासूबाईंना सांगितलंत तर त्यांनाही बरं वाटेल.

आता मुद्द्याचं. सोय आधी, एकटं राहण्याचा सराव नंतर. बहुतेक घरं इथेच चुकतात. सराव सुरू करतात, दहा सेकंदांवरून वीस सेकंदांवर येतात आणि मंगळवारी कुत्र्याला नऊ तास कोंडून ऑफिसला जातात. ‘होईल सवय’ हे इथे चालत नाही. विहिरीत पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला डबा बांधतात, आणि पोरगं हातपाय मारायला लागलं तरी डबा लगेच सोडत नाहीत. गुंड्याच्या पाठीचा डबा म्हणजे घरातलं माणूस. सराव पुरेसा पुढे जाईपर्यंत त्याला त्याच्या ताकदीपेक्षा जास्त वेळ एकटं ठेवायचंच नाही. दर वेळी घाबरला की ती भीती आणखी मुरते.

हे अवघड आहे, मला माहीत आहे. तरी हिशेब मांडू. तुमचे ऑफिसचे दिवस तीन. यजमानांना त्यातला एखादा दिवस घरून काम किंवा दुसरी पाळी जमते का बघा. त्यांच्या नोकरीबद्दल पत्रात एक अक्षर नाही, शेताबद्दल मात्र त्यांचं मत आहे. उरलेल्या दिवसांसाठी सोसायटीच्या ग्रुपवर विचारा. अभ्यासाला शांत जागा हवी असलेली कॉलेजची मुलं, दिवसभर पेपर वाचत बसणारे निवृत्त आजोबा, कुत्रा पाळायची हौस आहे पण घरचे पाळू देत नाहीत अशी एखादी मुलगी, हे लोक प्रत्येक सोसायटीत असतात, आपण विचारत नाही इतकंच. पैसे देऊ करा. पाळणाघरासारखं कुत्र्यांचं डे-केअर असेल तर आधी जाऊन बघा: किती कुत्र्यांमागे किती माणसं, दुपारी पिंजऱ्यात टाकतात का, आणि तुम्ही न सांगता गेलात तर आत येऊ देतात का. कामाच्या मावशींच्या गळ्यात मात्र हे काम गृहीत धरून घालू नका. त्यांना कुत्र्याची भीती नसेल, वेळ असेल आणि जास्तीचे पैसे ठरवून द्यायची तुमची तयारी असेल, तरच विचारा. ऑफिसात तीन महिने घरून काम करायची लेखी परवानगी मागा. कारण ‘घरची अडचण’ एवढंच लिहिलंत तरी ते खोटं नाही.

एवढी सोय लागली, की सराव. एका बैठकीला वीस मिनिटं पुरतात, आठवड्यातून पाच दिवस. दोन दिवस सुट्टी, त्यालाही आणि तुम्हालाही.

तुमच्या निघण्याची चाहूल गुंड्याला दारापाशी जायच्या कितीतरी आधी लागते. माझा अंदाज, तुम्ही ऑफिसचं आयकार्ड गळ्यात घातलं की त्याचे कान उभे राहत असणार. एक दिवस नीट बघा: आयकार्ड, डबा पिशवीत टाकणं, किल्ल्या, हेल्मेट, यातल्या नेमक्या कशाला तो उठतो? जी वस्तू सापडेल तिचा अर्थ बोथट करायचा. आयकार्ड घाला आणि चहा टाका. किल्ल्या उचला आणि टीव्हीसमोर बसा. दिवसातून दोन-तीनदा, बस. दिवसभर किल्ल्या वाजवत राहिलात तर बिचारा दिवसभर धास्तावेल.

दाराच्या बाबतीत आपल्या फ्लॅटांत एक सोय आहे, ती म्हणजे जाळीचं सेफ्टी डोअर. पहिले काही दिवस मेन डोअर सताड उघडं ठेवा, बाहेर पडा, सेफ्टी डोअर ओढा आणि तो उठायच्या आत परत या. येऊन काही बोलायचं नाही, बक्षीस द्यायचं नाही, आपल्या कामाला लागायचं. तो पुन्हा अंग सैल करून पडला की दुसरी फेरी. हे त्याला कंटाळवाणं झालं पाहिजे, तुम्ही निघालात की त्याने एक डोळा उघडून पुन्हा मिटला पाहिजे. त्यानंतर तेच मेन डोअर ओढून घेऊन, आणि मग लॅचचा ‘खट्’ आवाज करून. पहिल्या ‘खट्’ला एक सेकंद पुरे. जाळीतून तुम्ही दिसत असताना तो जास्तच चेकाळत असेल, तर ती पायरी सोडून सरळ मेन डोअरवर जा.

वेळ वाढवायची ती शिडीसारखी सरळ नव्हे. पाच सेकंद, मग बारा, मग तीन, मग आठ, मग पंधरा. दर वेळी आधीपेक्षा जास्त झालं तर तो ते ओळखतो. फोनवर त्याच्याकडे लक्ष ठेवा. नाकावरून जीभ फिरवणं, झोप आलेली नसताना जांभई, एक पुढचा पाय उचलून थिजणं, तोंड मिटून दाराकडे टक लावणं, यातलं काहीही दिसलं तर तो हद्दीवर आलाय, आत या आणि पुढची फेरी निम्म्या वेळाची करा. रडायला लागला तर ‘आत्ता गेले तर रडण्याला बक्षीस मिळेल’ असा विचार करत बाहेर ताटकळू नका. भीतीला बक्षीस देता येत नाही. ती तेवढ्या वेळात वाढते मात्र.

मजल्यांच्या इमारतीत एक जास्तीची भानगड असते, लिफ्टची. गुंड्याला तुमच्या लिफ्टचा ‘टिंग’ ओळखता येतो, पैज लावायला तयार आहे मी. दाराबाहेर मिनिट-दीड मिनिट उभं राहणं जमलं की एक दिवस लिफ्टने पाचव्या मजल्यावर जाऊन जिन्याने परत या. मग पार्किंगपर्यंत. मग गाडी सुरू करून गेटपर्यंत. यातल्या प्रत्येक पायरीला वेळ पुन्हा कमी करून सुरुवात करायची. आधी तुम्ही जायचं आणि यजमान घरात, मग उलट, आणि दोघांनी मिळून जाणं सगळ्यात शेवटी.

पहिली वीस-तीस मिनिटं मिळवायला कित्येक आठवडे जातात, काहींना महिने. तिथे धीर सुटतो. पण पाऊण तास तो झोपून काढायला लागला की पुढे पल्ले मोठे पडतात, एका तासावरून दोन तासांवर जायला तेवढे कष्ट लागत नाहीत. ध्येय चार तासांचं ठेवा. नऊ-दहा तास रोज एकटं राहणं हे मी कुठल्याच कुत्र्याकडून मागणार नाही, भीती असो वा नसो.

कॅमेऱ्यातून बोलणं थांबवा. तुमचा आवाज येतो आणि तुम्ही सापडत नाही, म्हणून तो दाराशी जाऊन आणखी शोधतो. रेकॉर्डिंग नीट ऐका, ‘गुंड्या बाळा’ झाल्यावर त्याचं रडणं वरच्या पट्टीत जात असणार. कॅमेरा बघण्यापुरता.

खाण्याचं बरेच जण सांगतील: जाताना हाडूक द्या, रबरी खेळण्यात खाऊ भरून द्या. कंटाळ्यावर ते छान आहे. घाबरलेला कुत्रा मात्र खात नाही. तुम्ही परत याल तेव्हा खाऊ जसाच्या तसा असेल, आणि काही दिवसांनी तो खाऊ दिसला तरी त्याला धडकी भरेल. चाटायचे पदार्थ तुम्ही घरात असताना द्या. इडलीपात्राच्या एका थाळीत दहीभात थापून फ्रीजरमध्ये ठेवा, दुपारी ती दुसऱ्या खोलीत ठेवा. अर्धा तास तो तिथे, तुम्ही हॉलमध्ये. चाटण्याने कुत्री शांत होतात आणि तुमच्यापासून थोडं लांब राहणंही गोड होतं. भाताला फोडणी नको. कांदा, लसूण, मनुका, बेदाणे कुत्र्यांना विषारी आहेत.

सकाळच्या फिरण्यात त्याला हुंगू द्या. पवनेच्या काठाने दोन किलोमीटर ओढत नेण्यापेक्षा एकाच गल्लीत त्याच्या मर्जीने अर्धा तास नाक खुपसत फिरणं त्याला जास्त निवांत करतं. फक्त त्याने आजार जाईल अशी आशा धरू नका. दमलेला कुत्राही घाबरतोच.

पिंजरा आणू नका. जो दार उकरून नखं तोडतो तो गजांवर दात तोडेल. दुसरा कुत्राही आत्ता नको. गुंड्याला माणसाची उणीव आहे, ती बहुधा कुत्र्याने भरत नाही आणि तुमच्या घरी रडणारे दोन होण्याची शक्यता आहे. बाल्कनीत तर पुन्हा कधीच बांधू नका. सहाव्या मजल्यावर घाबरलेल्या कुत्र्याने कठडा ओलांडला तर तो पट्ट्याला लटकतो, पुढचं मी लिहीत नाही. शिवाय १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ मध्ये आखूड साखळीवर गैरवाजवी वेळ बांधून ठेवणं हा गुन्हा आहे, आणि कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला पुरेसं फिरवून न आणणं हाही.

औषधाचं जरा सविस्तर. मेडिकलवाल्याची अर्धी गोळी कचऱ्यात टाका. नुसती गुंगी आणणाऱ्या औषधाने कुत्रा हलू शकत नाही, पण आतली भीती तशीच राहते. बाहेरून शांत दिसतो म्हणून आपल्याला बरं वाटतं, इतकंच. माणसांची औषधं वजनाचा अंदाज बांधून देणं धोक्याचंच. पण म्हणून औषध नकोच असंही मी म्हणणार नाही. ज्याच्या नखांतून रक्त येतंय त्याला ते बहुतेक लागेल. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, कुत्र्यांच्या याच दुखण्यासाठी क्लोमिप्रामीन १९९८ साली आणि फ्लुओक्सेटिन २००७ साली मान्य केलं, दोन्ही सरावाच्या जोडीने वापरायची म्हणून. फ्लुओक्सेटिनचा पूर्ण परिणाम दिसायला चार-सहा आठवडे लागतात, आणि अचानक बंद करायचं नसतं. आपल्याकडे पशुवैद्य ही औषधं लिहून देतात. ‘कुत्र्याला कसलं डिप्रेशनचं औषध’ असं म्हणून हसणारे भेटले तर दुसऱ्या पशुवैद्यांकडे जा. जाताना तो व्हिडिओ दाखवा, वर्णनापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो. आणि त्याच भेटीत रक्त तपासून घ्या, कान आणि सांधे बघायला सांगा. देशी कुत्र्यांच्या अंगात कधी कधी गोचीडताप मुरलेला असतो आणि वरून काही दिसत नाही. कुठलंही दुखणं ही भीती वाढवतं. शी-शू होतेय म्हणून लघवीही तपासा.

आता ओतूर. यजमानांचा हेतू चांगला असेल, पण ‘शेतावर मोकळा राहील’ हे शहरातल्या माणसांचं स्वप्नरंजन आहे. शेतावरचा कुत्रा रात्री मोटारीच्या खोलीपाशी एकटा असतो. जो कुत्रा माणूस नसलेल्या टू-बीएचकेमध्ये तासभर तग धरत नाही, त्याला तुम्ही माणूस नसलेल्या उसात नेऊन सोडणार. आणि तो जुन्नर तालुका आहे. उसातले बिबटे तिथल्या लोकांना नवे नाहीत. पलीकडे अकोले तालुक्यात बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचाच निघाला. दादांच्या अंगणातला कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या ते बघत आलाय, संध्याकाळी कुठे बसायचं हे त्याला कळतं. गुंड्याला लिफ्टचा ‘टिंग’ कळतो. हा परिच्छेद यजमानांना मोठ्याने वाचून दाखवा. सगळं करूनही जमलंच नाही, तर दिवसभर माणसं असलेलं दुसरं घर शोधणं हा शेवटचा, पण मानाचा मार्ग आहे. शेत तो मार्ग नव्हे.

सोसायटीला घाबरू नका. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव केला तरी. भुंकतो म्हणून कुत्रा काढा असा आग्रहही धरता येत नाही. नोटिशीला हे एवढंच, सौम्य शब्दांत आणि लेखी कळवा. पण ते कागद घेऊन खालच्या काकांकडे जाऊ नका. त्यांच्या छातीवर टाके आहेत आणि डोक्यावर तीन दिवस कोणी गळा काढून रडतंय, त्यांची तक्रार रास्त आहे. दोघंही जा, गुंड्याला न घेता. काय झालंय ते सांगा, अमुक तारखेपासून घरात माणूस असेल हे सांगा, आणि तुमचा नंबर देऊन विनंती करा: आवाज आला की फक्त वेळ टाकून मेसेज करा, ‘१.२०’ एवढंच. त्यांना वाटेल आपलं कोणीतरी ऐकतंय, आणि तुम्हाला तुमच्या पाठीमागची नोंद फुकटात मिळेल. सरावाची वेळ त्यांच्या झोपेच्या वेळी ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

राहिलं कोल्हापूरचं लग्न. डिसेंबरपर्यंत गुंड्या बरा झालेला असेल असं धरून चालू नका. बोर्डिंगला टाकलात तर अनोळखी जागा, अनोळखी कुत्री आणि रात्री एकटा, म्हणजे तीन महिन्यांची मेहनत चार दिवसांत पाण्यात. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, त्याला घेऊन जाणं: उतरायची खोली कुत्रा चालेल अशी आत्ताच बघा आणि खोलीत सतत कोण थांबणार याची पाळी घरात ठरवा. हळदीला तुम्ही असाल तर यजमान खोलीत, असं. दुसरी, आणि मला जास्त पटणारी, ओळखीच्या माणसाने तुमच्याच घरी येऊन राहणं. तोवर सासूबाई नाशिकहून परतल्या आणि त्यांना लग्नाच्या धावपळीपेक्षा घरी थांबणं आवडणार असेल, तर प्रश्नच मिटला. नाही तर दिवसाच्या सोयीसाठी जे कोणी मिळेल त्यांनाच नोव्हेंबरात एकदा रात्री मुक्कामाला बोलवा, आधी तुम्ही घरात असताना आणि नंतर तुम्ही नसताना. ती दुसरी रात्र गुंड्या झोपला का, ते मला कळवा.